नागलीचा ‘न’

चिमी धडा वाचत होती. आवाज खणखणीत, बोट ओळीवर, कुठं अडखळणं नाही. दिवाळीनंतर वर्गात आलेल्या दुसरीतल्या मुलीनं महिन्याभरात एवढं वाचावं, मला फार बरं वाटत होतं. मग दिसलं की तिचं बोट दुसऱ्या ओळीवर आहे आणि तोंड चौथ्या. मी पानावरच्या चित्रावर तळहात ठेवला. ती गप्प झाली. ‘पाणी’ या शब्दावर बोट ठेवून विचारलं, “हे काय गं?” माझ्या हाताखाली झाकलेलं चित्र आठवून ती म्हणाली, “विहीर.”

डिसेंबर 2023 मधली ही गोष्ट. मुलीचं नाव बदललं आहे, गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. शिकवण्यात माझं नेमकं काय चुकत होतं आणि ते कसं सुधारत गेलं, हे जमेल तितक्या तपशिलात लिहिते आहे, कारण द्राक्षपट्ट्यातल्या बहुतेक शाळांत दरवर्षी अशी मुलं येतात.

शाळा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षकी. चारी बाजूंना बागा. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की बागायतदारांना माणसं लागतात: फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढायला, डिपिंगला म्हणजे घड औषधात बुडवायला, घडांच्या विरळणीला आणि पुढं काढणीला. ही माणसं येतात सुरगाणा, पेठ, हरसूलच्या डोंगरपट्ट्यातून. बागेच्या कडेला पत्र्याची खोली मिळते, पोरंबाळं सोबत असतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यामुळं दाखला हातात नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, वयाप्रमाणं वर्गात बसवावं लागतं, आणि ते योग्यच आहे. बसवल्यावर विशेष प्रशिक्षण द्यावं असंही कायदा म्हणतो, पण ते वर्गात कसं द्यायचं, हे त्यात लिहिलेलं नसतं. 2021 च्या जुलैत निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचू-लिहू लागलं पाहिजे आणि हे 2026-27 पर्यंत साधायचं, असं त्याचं उद्दिष्ट. चिमी सात वर्षांची. म्हणजे तिसरी संपायला दीड वर्ष, आणि त्यातलेही निम्मे महिने दुसऱ्या शाळेत.

ती यायची तेव्हा बहुतेक वेळा कडेवर दीड वर्षाचा भाऊ असायचा. त्याला आम्ही वर्गातच सतरंजीवर बसवायचो. तो झोपला की ती शिकायची, तो उठला की तिचं अर्धं लक्ष त्याच्याकडं. शेजारच्या वर्गातल्या सरांना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. भाऊ नको म्हटलं तर बहीणही येणार नाही, एवढंच मी त्यांना सांगितलं. मग तेही त्याला बिस्कीट देऊ लागले.

आनंददायी, पण वाचन कुठं?

पहिल्या महिन्यात मी काय केलं ते आधी सांगते. माझ्या वर्गात रांगोळीच्या ताटात अक्षर गिरवणं होतं, जमिनीवर खडूनं आखलेल्या चौकोनांत अक्षरावर उड्या होत्या, बाराखडीचं गाणं होतं, पुठ्ठ्याची अक्षरकार्डं होती. मुलं हसत होती. भेटीला आलेल्यांनी कौतुक केलं होतं. चिमीही सगळ्यात पुढं असायची. चित्र झाकलं त्या दिवसानंतर मी एकेक खेळ पुन्हा तिच्यासोबत एकटीनं करून पाहिला आणि हबकले.

उड्यांच्या खेळात ती पुढच्या पोराच्या पायांकडं बघून उडी मारत होती. त्याला बाजूला बसवलं, “‘क’वर जा” म्हटलं, तर ती माझ्या डोळ्यांकडं बघायला लागली, मी कुठं बघते ते ओळखायला. रांगोळीच्या ताटात तिचा हात सुरेख वळायचा, पण हात चालताना ओठ बंद. आकार येत होता, त्याचा आवाज येत नव्हता. बाराखडी तिला शेवटपर्यंत पाठ होती, पण मधूनच ‘ती’ दाखवायला सांगितलं तर ‘त, ता, ति’ असं पहिल्यापासून म्हणत यावं लागायचं, आणि तरी बोट चुकायचं.

कार्डांचं तर मला अजून वाईट वाटतं. ‘म’चं कार्ड ती कधीच चुकायची नाही. एकदा तोच ‘म’ मी फळ्यावर काढला. तिला येईना. कार्ड हातात घेऊन नीट पाहिलं तर त्याचा उजवा कोपरा फाटलेला होता. ती ‘म’ ओळखत नव्हती, फाटका कोपरा ओळखत होती. ‘ल’च्या कार्डावर तेलाचा डाग होता, तोही तिला पाठ होता.

यात मुलीची हुशारी दिसते. समोर जी खूण मिळेल ती पकडून ती उत्तरापर्यंत पोचत होती. मी दिलेल्या प्रत्येक खेळात अक्षराकडं न बघताही जिंकता येत होतं, म्हणून ती तशी जिंकत होती. त्या दिवसापासून कुठलाही उपक्रम घेताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: अक्षराकडं न बघता हा खेळ जमेल का? जमत असेल तर तो खेळ म्हणून छान आहे, मधल्या सुट्टीत खेळावा. वाचनाच्या तासाला तो बदलून घ्यावा लागतो.

दुसरी अडचण भाषेची. चिमीच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. मराठी तिला कळायची, पण वर्गात ती स्वतःहून बोलायची नाही. आणि भिंतीवरच्या तक्त्यात ‘ऐ’चा ऐरण, ‘ठ’चा ठसा, ‘क्ष’चा क्षत्रिय. अक्षर अनोळखी, ते लक्षात ठेवायला दिलेला शब्दही अनोळखी. अशानं आधार कशाचा मिळणार?

आयीस आणि आई

नाताळच्या आसपास मी तिच्यापुढं कोरा कागद आणि खडू ठेवले. तिनं पत्र्याची खोली काढली, दारात चूल, चुलीपुढं बाई. “ही कोण?” “आयीस.” “काय करते?” “नागलीची भाकर.” नागली म्हणजे नाचणी. आमच्या डोंगरपट्ट्यात हाच शब्द. मी चित्राखाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आई नागलीची भाकर करते.’ आणि तिला म्हटलं, वाच. तिनं बोट ठेवून वाचलं, “आयीस नागलीची भाकर करं.”

इथं माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करते आहे. कागदावर ‘आई’, तोंडात ‘आयीस’. लिहिलेलं आणि बोललेलं एकमेकांशी बांधलेलं असतं, हेच तिला अजून कळलेलं नव्हतं, आणि मी लिहिताना शब्द बदलून तीच गाठ सैल करत होते. दुसऱ्या दिवशी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, ‘आयीस’. तिनं वाचलं. मग शेजारी ‘आई’ लिहिलं आणि सांगितलं, पुस्तकात असं लिहितात. तिनं दोन्हींवर बोट फिरवलं. पहिल्या अक्षरावर बोट थांबलं. इकडून तिकडं, परत इकडं. “दोगांत ह्यो एकच हाये,” ती म्हणाली. तो ‘आ’ होता. फाटक्या कोपऱ्याशिवाय तिनं ओळखलेलं हे पहिलं अक्षर.

शेजारच्या बाकावरचा एक मुलगा ‘आयीस’ ऐकून हसला. त्याला रागवून काही झालं नसतं. मी सगळ्या वर्गाला विचारलं, तुम्ही घरी काय हाक मारता? फळ्यावर शब्द येत गेले: आई, मम्मी, माय, आयीस, आणि एकाच्या घरी अक्का. सगळ्यांनी सगळे शब्द वाचले. हसणाऱ्यानं ‘आयीस’ वाचायला चिमीची मदत घेतली, कारण त्याला शेवटचा ‘स’ सापडत नव्हता. पुन्हा कोणी हसलं नाही.

टाळ्या दोन, अक्षरं तीन

शेजारच्या सरांचं म्हणणं होतं, “मॅडम, गोष्टी ठीक आहेत, पण मुळाक्षरं पक्की झाल्याशिवाय गाडी पुढं जाणार नाही.” मला तेव्हा ते जुन्या वळणाचं वाटलं. आठवडाभरात कळलं की त्यांचं बरोबर आहे. चिमीची वाक्यं तिला पाठ होत होती, जसा धडा पाठ झाला होता. नवा शब्द दिला की ती तिथंच अडत होती. तिच्या शब्दांनी तिला बोलतं केलं, पण अक्षरं क्रमानं, रोज, थोडी-थोडी शिकवल्याशिवाय ती वाचणार नव्हती.

फक्त तो क्रम क-ख-ग-घ-ङ असायला हवा असं नाही. ‘ङ’नं सुरू होणारा एक तरी शब्द मुलाला कुठं भेटतो? फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या कामातून मराठी वाचनासाठी अक्षरगटांची पद्धत रुजवली. ज्यांतून लगेच शब्द तयार होतात अशी थोडी अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं आधी घ्यायची, मग पुढचा गट. मी गट निवडला तो चिमीच्या चुलीवरून. नागली: न, ग, ल, काना आणि दीर्घ वेलांटी. एवढ्यातून नाग, नाला, लाल, गाल, नानी, लागली तयार होतात. त्यात ‘म’ आला की मामा, मामी, माल, मान. आणि मग पहिलं पूर्ण वाक्य: ‘मामी, नागली मागा.’ हे वाक्य तिनं आधी कधी ऐकलेलं नव्हतं, त्याला चित्र नव्हतं, आणि ते तिनं वाचलं. बऱ्याच वेळानं, घाम फुटल्यासारखी होऊन, पण वाचलं.

इथं एक चूक माझ्याकडून झाली, ती सविस्तर सांगते. शब्दातले आवाज सुटे करायला मी टाळ्या घेत होते. ‘नागली’ला चिमीनं दोन टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, तीन. तिनं पुन्हा दोन. मी पुन्हा तीन. रडवेली झाली. घरी जाताना स्वतःशी शब्द म्हणून पाहिला: नाग्-ली. दोनच! आपण बोलताना ‘ग’मधला ‘अ’ गिळून टाकतो, लिहिताना मात्र पुरा ‘ग’ लिहितो. ‘घर’चंही तेच. लिहायला दोन अक्षरं, बोलायला एक ठोका. वाचायला येतं त्याला हे जाणवत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढं अक्षरं असतात. चिमीकडं फक्त कान होते आणि तिचे कान खरं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की काल चिमीचं बरोबर होतं. मग क्रम बदलला. आधी ज्यांत ठोके आणि अक्षरं सारखी ते शब्द: मामी, नाला, नानी, लाली. हे चांगले बसल्यावर नाग, लाल, गाल. शेवटी नागली. आणि अक्षरं मोजायची असतील तेव्हा शब्द बोलायचा नाही, गायचा: ना… ग… ली. गाताना ‘अ’ परत येतो.

दीर्घ वेलांटीसाठी नव्या शर्टाच्या खोक्यातली पारदर्शक पट्टी कापून घेतली, तिच्यावर काळ्या पेननं फक्त ‘ी’ काढली आणि ती ओळीतल्या अक्षरांवरून सरकवत न्यायची. ‘ल’वर थांबली की ली, ‘न’वर नी, ‘ग’वर गी. या खेळात माझ्या चेहऱ्याकडं बघून काही हाती लागत नाही, पट्टीकडंच बघावं लागतं. चिमी आणि आणखी दोघी रोज पट्टीसाठी भांडायच्या.

ऱ्हस्व वेलांटी मी जाणून उशिरा घेतली. ती डोळ्यांना आधी दिसते आणि जिभेवर नंतर येते. ‘दिवा’ वाचताना मुलाला पहिल्यांदा भेटतो तो दांडा आणि त्याचा आवाज अजून यायचा असतो. चिमी लिहिताना आधी ‘द’ काढायची आणि वेलांटी उजवीकडं द्यायची, म्हणजे ‘दीवा’. तिच्या बाजूनं ते अगदी सरळ होतं: जे आधी ऐकू येतं ते आधी लिहायचं. फेब्रुवारीत आम्ही ‘डावीकडं जागा ठेव’ एवढाच नियम केला. अक्षर काढायचं, मग मागं येऊन वेलांटी द्यायची. वाचताना मात्र बोट आधी अक्षरावर ठेवायचं. तिला हे मार्चपर्यंत निम्मं जमलं, निम्मं नाही.

रद्दी

बागेत पेट्या भरायच्या असल्या की रद्दीचे गठ्ठे येतात. चिमी एक पान घेऊन आली, तिला ते आवडलं होतं म्हणून. मी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला रद्दी आणि लाल खडू दिले: ‘न’ शोधा, गोल करा. मथळ्यातला जाड ‘न’, जाहिरातीतला तिरका ‘न’, बातमीतला मुंगीएवढा ‘न’. इथं फाटका कोपरा नव्हता. प्रत्येक ‘न’ वेगळा दिसत होता आणि तरी ‘न’च होता. अर्ध्या तासात चिमीच्या पानावर एवढे गोल झाले की मोजायला वेळ लागला. काही ‘त’ही गोलात सापडले होते. ते आम्ही शेजारी शेजारी लिहून पाहिले, फरक कुठं आहे ते तिनंच दाखवलं.

पेटीवरचा ‘द्राक्ष’ हा शब्द तिला दिसल्याबरोबर यायचा. जोडाक्षरं दोन, दोन्ही अवघड, पाठ्यपुस्तकाच्या हिशेबानं अजून तिच्या वाट्याला न आलेली. मी तिला अभिमानानं वाचू दिलं, टाळ्याही दिल्या, पण माझ्या नोंदवहीत ते वाचन म्हणून लिहिलं नाही. ‘द्र’ तिला ‘चंद्र’मध्ये ओळखू आला नव्हता. तो शब्द म्हणजे तिच्यासाठी अजून एक चित्रच होतं. चित्रासारखे चार शब्द मुलाजवळ असले तर बिघडत नाही. त्यावरून ‘वाचता येतं’ असा शेरा मारला की मात्र बिघडतं. मी एकदा तो मारून बसले होते.

लिहिणं खऱ्या अर्थानं सुरू झालं ते यादीपासून. होळीला ही सगळी कुटुंबं गावी जातात, मग बाग असो वा नसो. मार्चच्या सुरुवातीला चिमीला विचारलं, गावी काय काय न्यायचं? तिनं लिहिलं: गुळ, तेल, साबन, बांगडी, लाल रीबीन, भावाला चपल. सर म्हणाले, ‘साबण’ दुरुस्त करा. मी नाही केलं. ती यादी चिमीची होती, आईला वाचून दाखवायची होती, आणि ती बोलते तसं तिनं लिहिलं होतं. आठवड्यानं वर्गाच्या भिंतीवर लावायला सगळ्यांच्या याद्या पुन्हा लिहिल्या, तेव्हा पुस्तकातल्यासारखं कसं लिहितात ते आम्ही दोघींनी मिळून पाहिलं आणि तिनं स्वतः ‘ण’ केला. स्वतःपुरतं लिहिताना मुलाचा हात अडवायचा नाही आणि इतरांनी वाचावं म्हणून लिहिताना मदत करायची, असं मी तेव्हापासून पाळते. सरांना हे पूर्ण पटलेलं नाही.

यादी वाचून दाखवली त्या संध्याकाळी मी बागेत होते. शनिवारी अधूनमधून जायचे. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली होती, त्यापुढं माझं हे जाणं काहीच नाही. चिमीची आई हात धुऊन आली, उकिडवी बसली. चिमीनं बोट ठेवून वाचलं. आईनं कागद हातात घेतला, उलटसुलट केला.

“मॅडम, हे हिनं लिवलं का तुमी लिवून दिलं?”

“तिनं, ताई. तुम्ही बोट ठेवा कुठंही, ती सांगेल.”

आईनं मधेच एका शब्दावर बोट ठेवलं. बोटाच्या पेरांवर द्राक्षाच्या चिकाचे काळे डाग होते. “बांगडी,” चिमी म्हणाली. आईनं दुसरीकडं ठेवलं. “तेल.” आईनं यादी घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली. मग म्हणाली, “बांगडी मी सांगितली नव्हती.”

किती आलं, किती राहिलं

होळीच्या चार दिवस आधी ती गेली. तोवर तिला जोडाक्षर नसलेला, चार-पाच ओळींचा अनोळखी उतारा सावकाश वाचता येत होता आणि कोणी काय केलं हे विचारलं तर सांगता येत होतं. स्वतःच्या मनानं तीन-चार वाक्यं लिहायची. जोडाक्षरं जवळजवळ नाहीच. रफार नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ होता. ‘ब’ आणि ‘व’ अजून अदलाबदल होत होते. दुसरीच्या अपेक्षेपेक्षा हे कमीच आहे. चार महिन्यांत, भावाला सांभाळत, मधले कित्येक दिवस बुडवत ती एवढ्यावर आली, आणि यातला पहिला महिना मी वाया घालवला होता.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसोबत शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, ते दिलं. त्याला जोडून एक चाळीस पानी वही दिली. पहिल्या पानावर तिला येणारी अक्षरं आणि चिन्हं, दुसऱ्यावर न येणारी, पुढं तिची चित्रं, वाक्यं आणि याद्या. पुढच्या शिक्षकांनी पुन्हा ‘क’पासून सुरुवात करू नये, एवढ्यासाठी. जूनमध्ये तिच्या गावच्या शाळेतून फोन आला. तिथले गुरुजी स्वतः कोकणा बोलणारे. त्यांनी ‘आयीस’चं पान वर्गात सगळ्यांना वाचायला दिलं होतं. वही भरली आहे, दुसरी लावली आहे, म्हणाले.

त्या दिवाळीनंतर चिमी आमच्याकडं आली नाही. तिचे आईवडील निफाडकडं कुठल्या बागेवर गेल्याचं कळलं. तिथल्या शाळेचा शोध अजून लागलेला नाही, विचारते आहे.

आमच्याकडं नवी सहा मुलं आली. कार्डांचा डबा मी बाहेर काढला नाही. कोरे कागद आणि खडू दिले. एक मुलगा बराच वेळ काहीच काढेना. मग त्यानं दुधी भोपळ्याचं तोंड असलेलं, लांब नळ्यांचं वाद्य काढलं, डोंगऱ्या देवाला वाजवतात ते. “हे काय रे?” तो खाली बघत म्हणाला, “पावरी.” मी चित्राखाली तेवढा एकच शब्द लिहिला. प, व, र, काना, दीर्घ वेलांटी. पाव, वारी, परी, रवा, वीर. उद्या पट्टी काढायची आहे.